पाडव्याच्या आत हिशेब मांडा

मराठी चित्रपटांचे निर्माते, गाण्यांच्या कंपन्या, यूट्यूब वाहिन्यांचे मालक, कॅसेटच्या जमान्यातले संग्रह विकायला काढणारे आणि ते विकत घ्यायला निघालेले, अशा सर्वांस या जाहीर इशाऱ्याने कळविण्यात येते की, आमच्या गाण्यांचा हिशेब येत्या दिवाळी पाडव्याच्या आत आमच्या हातात पडला पाहिजे. तोंडी नको, फोनवर नको. ‘एकदा ऑफिसला या, चहा घेऊ, बघू’ हे तर मुळीच नको. हिशेब लेखी हवा, गाण्यागणिक आणि माध्यमागणिक हवा. लक्ष्मीपूजनाला तुम्ही नव्या वह्या पुजाल आणि पाडव्यापासून त्यांत लिहायला लागाल. त्याआधी जुन्या वहीतले आमचे पान दाखवा. पाडवा उलटला की पुढचे बोलणे वकील बोलतील.

‘आम्ही’ म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. काही गीतकार, काही चाली लावणारे, काही शाहीर, आणि ज्यांचे वडील किंवा आजोबा गाणी लिहून गेले असे काही वारस. आमच्यात गाजलेले नाव कोणाचे नाही. गाजलेल्या नावांशी तुम्ही नीट वागता, कारण त्यांचा वकील तुमच्या वकिलाला ओळखत असतो. आमच्याशी कसे वागता हे गाव जाणते.

आधी त्या कागदाबद्दल बोलू, ज्याच्या जिवावर तुम्ही इतके निश्चिंत आहात. त्यावर सही कशी होते हे या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. रेकॉर्डिंग रात्रीचे असते. गायक येऊन बसलेला असतो, स्टुडिओचे तास चढत असतात, आणि अंतऱ्याची एक ओळ चालीत बसत नाही म्हणून गीतकार काचेबाहेर उभा राहून ती पाठकोऱ्या कागदावर बदलत असतो. तेवढ्यात प्रॉडक्शनचा मुलगा स्टँपपेपरला टाचलेली पाच-सहा पाने पुढे करतो. ‘दादा, तुमची सही राहिलीय. गाणं उद्या अपलोडला जायचंय.’ पाने इंग्रजीत. सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. दुसऱ्या हातात पाकीट. दादा सह्या करतात, पाकीट खिशात घालतात आणि पुन्हा त्या अडलेल्या ओळीकडे वळतात. कराराची प्रत? ती ‘नंतर पाठवतो’. ती नंतर कधी येत नाही.

त्या पानांवर काय असते ते मराठीत सांगतो, कारण सही करणाऱ्याला ते कोणी सांगितलेले नसते. गीत, चाल आणि त्यांतून निघणारे सर्व हक्क निर्मात्याला दिले. आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी दिले. कायमचे दिले. आणि कुठल्या प्रदेशासाठी? तर संपूर्ण विश्वासाठी. पृथ्वीवर भागत नाही. उद्या मंगळावर वस्ती झाली आणि तिथल्या वरातीत आमचे कोळीगीत वाजले, तर तो पैसाही अंधेरीतच जमा व्हावा अशी तजवीज आहे. त्याखाली लिहिलेले असते की मिळालेली रक्कम पूर्ण आणि अंतिम आहे, आणि रॉयल्टीचा हक्क लेखक स्वखुशीने, स्वतःसाठी व वारसांसाठी, सोडून देत आहे.

हे शेवटचे वाक्य रद्दीच्या भावाचे आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात झालेली मोठी दुरुस्ती २१ जून २०१२ पासून लागू आहे. त्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताचा आणि संगीताचा कर्ता आपले बाकीचे हक्क दुसऱ्याला देऊ शकतो, पण वापरापोटी येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्याला देता येत नाही आणि सोडताही येत नाही. द्यायचाच तर तो वारसांना द्यावा, किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीकडे सोपवावा. याच्या विरोधात जाणारा करार रद्दबातल. म्हणजे सही खरी असेल, स्टँप खरा असेल, साक्षीदार हयात असतील, तरी ते कलम नसल्यासारखेच. स्वखुशीने सोडले म्हणता? कायद्याने ती खुशी आमच्या हातात ठेवलेलीच नाही.

एक अपवाद आहे, आणि तो आम्ही लपवत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे वाजते त्यात आमचा वाटा नाही. तिकीटबारीचा गल्ला सगळा तुमचा. मराठी चित्रपट किती आपटतात, निर्मात्याचे घर कसे गहाण पडते, हे आम्हालाही दिसते, आणि त्या बुडालेल्या पैशात आम्ही हात घालत नाही. पण चित्रपट दुसऱ्या शुक्रवारी उतरतो आणि त्यातले एखादे गाणे पुढची दहा वर्षे रेडिओवर, टीव्हीवर, मोबाइलवर, हळदीच्या व्हिडिओत आणि निवडणुकीच्या प्रचारगाडीवर वाजत राहते. हिशेब आम्ही मागतो तो त्या दहा वर्षांचा.

ही दुरुस्ती आकाशातून पडलेली नाही. १९६९ साली गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था निघाली. तिने हक्क मागितला तेव्हा चित्रपटवाले कोर्टात गेले, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतले आणि करारात वेगळे काही लिहिले नसले, तर पहिला मालक निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर निकालाशी सहमत होते. तरी त्यांनी वेगळी टीप जोडून संगीतकार आणि गायकांच्या हक्कांकडे संसदेने लक्ष द्यावे असे सुचवले. संसदेला लक्ष द्यायला पस्तीस वर्षे लागली. त्या पस्तीस वर्षांत किती गीतकार भाड्याच्या खोलीत मेले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. मे २०१२ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून जावेद अख्तर राज्यसभेत होते आणि या विषयावर ते हट्टाने बोलले. गायकांची बाजू त्याहून जुनी. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली, रफीसाहेबांना ते पटले नाही, आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गायचे थांबवले. आज कलम ३८अ नुसार व्यापारी वापरातल्या रॉयल्टीवर गायक-वादकांचाही हक्क आहे. मागणी रास्त होती हे कायद्यानेच मान्य केले, फक्त फार उशिरा.

आता छोट्या निर्मात्यांकडे वळतो. तुमच्याकडे विश्वाचे हक्क लिहून घेणारा वकील नसतो. तुमचा करार एका पानाचा आणि मराठीत: ‘मी अमुक, माझ्या खालील दहा गीतांचे सर्व हक्क श्री. तमुक यांना रोख रक्कम घेऊन देत आहे.’ खाली सही आणि तारीख. मुदत नाही, प्रदेश नाही. तुम्हाला वाटते, मुदत लिहिली नाही म्हणजे कायमचे मिळाले. नेमके उलटे आहे. कलम १९ म्हणते, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरावा. आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास, तेही परत कर्त्याकडे. २००९ साली असा कागद करून घेतलेली दहा गाणी २०१४ साली परत आमची झाली. तुमच्या वाहिनीवर ती अजून आहेत, त्यांच्या आधी जाहिरात लागते, आणि न्यू जर्सीच्या गणेशोत्सवात कोणी ती लावली तर त्या देशाचे हक्क तुमच्याकडे एक दिवसही नव्हते.

तुमचे वकील लगेच सांगतील की मुदत-प्रदेशाचे हे नियम १० मे १९९५ च्या आधीच्या करारांना लागत नाहीत. बरोबर आहे. कायद्यातच तसे लिहिले आहे. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटी आम्ही या मुद्द्यावर भांडणार नाही. त्यांच्यासाठी दुसरा मुद्दा आहे. कलम १८ ने २०१२ पासून असेही म्हटले आहे की करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात नाव घेऊन उल्लेख नसेल तर ते हक्क दिले गेले असे धरायचे नाही. ही तरतूद जुन्या करारांना किती मागे जाऊन लागते यावर वाद होईल, आणि आम्ही तो वाद घालणार आहोत. १९८६ साली ‘कॅसेट व रेकॉर्ड’ असे लिहून दिलेल्या माणसाने मोबाइलवरचे स्ट्रीमिंग कधी विकले, हे तुम्हीच न्यायाधीशांसमोर सांगा.

विक्रेते आणि खरेदीदार, आता तुमच्यासाठी. जुने संग्रह सध्या घाऊक विकले जातात. शंभर-दोनशे कॅसेटींची यादी एका फाइलमध्ये, त्यावर एक आकडा, आणि ‘सर्व हक्कांसह’ असा शिक्का. गावातली गुंठाभर जागा घ्यायची तर तुम्ही सातबारा काढता, फेरफार बघता, बहिणीची सही आहे का विचारता, वर्तमानपत्रात हरकती मागवता. हजार गाणी घेताना विकणाऱ्याकडे ती आली कुठून, हे विचारायला एक दुपार काढवत नाही?

एका गाण्यात किती मालक बसलेले असतात ते बघा. शब्द ही एक मालमत्ता, चाल ही दुसरी, ध्वनिमुद्रण तिसरी, आणि त्यात गायकाचा कलाकार म्हणून वेगळा हक्क. ‘अभंग तुकयाचे’ घ्या. शब्द तुकोबांचे, ते कोणाच्याही मालकीचे नाहीत, आणि ज्याला ते आपल्या मालकीचे वाटतात त्याने एकदा देहूला जाऊन यावे. चाली श्रीनिवास खळ्यांच्या. खळेकाका २०११ साली गेले. कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजली की चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत टिकतो. ध्वनिमुद्रणाची मुदत वेगळी: ते ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे. त्यामुळे १९६० साली निघालेली कोणतीही तबकडी १ जानेवारी २०२१ पासून ध्वनिमुद्रण म्हणून मोकळी आहे, पण तिच्यातले गीत गदिमांचे असेल तर ते मोकळे नाही. माडगूळकर १९७७ साली गेले. त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचे किंवा ज्यांना रीतसर दिले त्यांचे. शान्ताबाई शेळक्यांचे २०६२ अखेरपर्यंत. अण्णाभाऊ साठ्यांचे २०२९ अखेरपर्यंत. बहिणाबाईंचे शब्द मात्र २०१३ पासून सर्वांचे झाले, आणि तरीही ते स्वतःच्या चालीत गाणाऱ्या पोरीच्या व्हिडिओवर कोणाचा तरी क्लेम येऊन पडतो. कोण मारतो हा क्लेम, आणि कोणत्या कागदाच्या आधारावर? त्या पोरीने आक्षेप घेतला की तो गुपचूप मागे घेतला जातो, यातच उत्तर आले.

तेव्हा खरेदीदारांनो, विकणाऱ्याकडे जेवढे होते तेवढेच तुमच्याकडे येते. त्याच्याकडे नुसते ध्वनिमुद्रण असेल तर गीत आणि चाल तुमच्याकडे आलेली नाही, मग करारात ‘सर्व’ हा शब्द कितीही ठळक छापा. आणि कर्ता आधीच आयपीआरएसचा सभासद असेल, त्याने आपले हक्क सोसायटीकडे सोपवले असतील, तर त्याविरुद्ध नंतर केलेला करार कलम १९ नेच रद्द ठरतो. पाडव्यापर्यंत प्रत्येक गाण्याचा मूळ कागद आमच्यासमोर ठेवा. कागद नसेल तर ते गाणे विक्रीच्या यादीतून काढा. पैसे दिल्यानंतर ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणायची सोय या इशाऱ्यानंतर उरत नाही. आम्ही तो छापला आहे तो याचसाठी.

आता ज्या गोष्टीची आम्हाला सर्वात जास्त चीड आहे तिच्याकडे येतो. तिचा पैशाशी थेट संबंधसुद्धा नाही.

शाहिरांची एक रीत आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायचे. ज्यांच्याकडे छापखाना नव्हता, रेकॉर्ड कंपनी नव्हती, पुष्कळदा शाळाही नव्हती, त्यांनी ही सोय करून ठेवली: गाणे तोंडोतोंडी कुठेही गेले तरी कर्त्याचे नाव त्याच्याबरोबर जाईल. वामनदादा कर्डकांची भीमगीते गावोगाव पोचली ती अशीच, ‘वामन’ हे नाव पोटात घेऊन. आता तुमची पद्धत बघा. मूळ गाणे पाच कडव्यांचे असते. रीमिक्सला तीन मिनिटे हवीत, रीलला तीस सेकंद. कात्री चालते ती खालून. पहिले कडवे राहते, कारण ते लोकांच्या तोंडी आहे. शेवटचे जाते, आणि त्याच्याबरोबर कवीचे नाव जाते. मग अपलोड करणारा पोरगा अर्ज भरायला बसतो. गायक: अमुक. संगीत: अमुक. गीत: इथे त्याला काही सापडत नाही, म्हणून तो टाकतो ‘पारंपरिक’. झाले. २००४ साली वारलेला माणूस एका क्लिकमध्ये दोनशे वर्षे जुना झाला. ‘पारंपरिक’ म्हटले की वाटा मागायला कोणी येत नाही, हे त्या पोराला माहीत नसेल. त्याच्या शेठना पक्के माहीत आहे.

वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कलम ५७. आपण या कृतीचे कर्ते आहोत हे सांगण्याचा आणि कृतीची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बट्टा लागत असेल तर ती अडवण्याचा हक्क कर्त्याकडे राहतोच, बाकी सगळे हक्क विकले तरी राहतो, आणि त्याच्या मागे त्याचे वारस तो बजावू शकतात. तेव्हा जात्यावरची ओवी पारंपरिक, गोंधळ पारंपरिक, वासुदेवाचे गाणे पारंपरिक; तिथे आमचे काही म्हणणे नाही, आणि त्यांच्यावर तुम्हीही क्लेम मारू नका. परंतु ज्या गाण्याचा कवी माहीत आहे, ज्याच्या कॅसेटच्या कव्हरवर त्याचे नाव छापलेले आहे, तिथला ‘पारंपरिक’ हा शब्द पाडव्याच्या आत पुसून त्याचे नाव लिहा. याला एक रुपया लागत नाही. यासाठी मुदतवाढ मागणाऱ्याला आम्ही उत्तरही देणार नाही.

रेडिओवाल्यांना फार सांगायची गरज नाही. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे की ध्वनिमुद्रण वाजवण्याचे पैसे कंपनीला दिले म्हणून गीत आणि संगीताच्या कर्त्यांची रॉयल्टी सुटत नाही. वाचा आणि भरा.

नवे करार करणाऱ्यांनी मात्र कान उघडे ठेवून ऐकावे. हल्ली पानांत एक नवी ओळ घुसवली जाते: गाणे आणि आवाज ‘यंत्रशिक्षणासाठी व कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी’ वापरायची परवानगी. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखले. अरिजितला जे संरक्षण मिळाले ते जळगावच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुलीला मिळणार नाही असे समजू नका. त्या ओळीवर आमच्यापैकी कोणी सही करणार नाही.

आणखी एक टोळी या इशाऱ्यात येते, आणि ती आमच्या नावाने फिरते म्हणून तिचा राग जास्त. लग्नसराईत हॉलवर जाऊन ‘म्युझिकचे लायसन काढलंय का?’ असे दरडावणारे, वधूपित्याकडून रोख घेऊन कसलीशी पावती फाडणारे. कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यात येतात हे तिथेच लिहिले आहे. गोव्यात यावरून चांगलीच जुंपली. सरकारने जानेवारी २०२४ मध्ये लग्नसमारंभात रॉयल्टी मागू नये असे परिपत्रक काढले, कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. परिपत्रक गेले, पण कायद्यातली सूट आहे तशीच आहे. मुलीच्या लग्नात बापाने गाणे लावले तर आम्हाला त्याच्याकडून पै नको. हॉटेलने तिकीट लावून केलेली एकतीस डिसेंबरची पार्टी वेगळी. तिथे लायसन काढा, रीतसर सोसायटीकडून काढा, आणि पावतीवर नोंदणीचा क्रमांक बघा. लग्नघरी पावत्या फाडणाऱ्यांना मात्र आम्ही स्वतः पोलिसांत नेऊ.

दोन शब्द आमच्याच माणसांना, आणि तेही गोड नाहीत. गीतकार मित्रांनो, ‘आपल्याला कुठं कळतंय, दादा म्हणाले म्हणून केली सही’ हे यापुढे ऐकून घेतले जाणार नाही. प्रत मिळाल्याशिवाय सही नाही. आणि सही रेकॉर्डिंगच्या रात्री तर नाहीच. आयपीआरएसचे सभासद व्हा. अर्ज भरायला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. वारसांनो, वडिलांची ट्रंक रद्दीत घालण्याआधी उघडा. वह्या, आकाशवाणीचे करारपत्र, कंपनीची पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या आणि कॅसेटची कव्हरे बाजूला काढा. ते कव्हर म्हणजे पुरावा आहे: प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर कर्ता म्हणून ज्याचे नाव छापलेले, तोच कर्ता असे कोर्ट धरून चालते, आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर येते. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचे कागद आणि गाण्यांची यादी एकत्र करून वारसही सोसायटीकडे जाऊ शकतात. भावाभावांत वाटणीवरून भांडण असेल तर ते नंतर भांडा. आधी वाटण्यासारखे काही हातात येऊ द्या. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती तुमच्या समेटासाठी थांबत नाही.

तर मागणे काय आहे? २१ जून २०१२ नंतरच्या प्रत्येक गाण्यासाठी, ते कुठे कुठे दिले, किती रुपये आले आणि आमचा समान वाटा किती, याचा तक्ता. त्याआधीच्या गाण्यांसाठी मूळ कराराची प्रत. मुदत संपलेली गाणी वाहिनीवरून उतरवणे, किंवा नवा करार करून ठेवणे. नव्या कराराला आमची ना नाही, उलट आम्हाला गाणी वाजायलाच हवी आहेत. कर्त्यांची नावे दुरुस्त करणे. थकबाकी एकदम देता येत नसेल तर हप्ते बांधून द्या, तेही चालेल, पण हप्त्याच्या तारखा लिहून द्या. जो निर्माता प्रामाणिकपणे पाटी कोरी दाखवेल, ‘या गाण्यात आलेच नाही काही’ म्हणून डिस्ट्रिब्युटरचे स्टेटमेंट समोर ठेवेल, त्याच्याशी आमचे भांडण नाही. त्याला आम्ही पुढचे गाणे लिहून देऊ.

आणि न ऐकल्यास? या कायद्यात कलम ६० आहे. बिनबुडाची धमकी दिली तर धमकी देणाऱ्यावरच दावा लागतो. म्हणून इथला प्रत्येक शब्द मोजून लिहिला आहे, आणि ज्या गाण्यांवर आम्ही हक्क सांगतो त्यांची यादी कागदपत्रांसह तयार आहे. दावा खरोखर दाखल करून नेटाने चालवला तर हे कलम आमच्याविरुद्ध लागत नाही, आणि आम्ही तो चालवणार आहोत. तुम्हाला वाटत असेल की नांदेडचा, कणकवलीचा माणूस मुंबईला किती वेळा येईल? त्याला यायची गरज नाही. कलम ६२ प्रमाणे कर्ता जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. तारखांना तुम्हाला यावे लागेल. एसटीचे वेळापत्रक आम्ही पाठवू. दाव्यात मनाई मागू, नुकसानभरपाई मागू आणि हिशेब मागू. मनाईचा आदेश आला की गाणे सगळीकडून उतरते आणि उतरलेल्या गाण्याचा संग्रह विकत घ्यायला कोणी येत नाही, हे व्यापारी माणसाला समजावून सांगायला नको. हक्क नसताना जाणूनबुजून विकणाऱ्यांसाठी कलम ६३ आहे: किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. त्या वाटेने जायची आम्हाला हौस नाही. वाट मात्र आम्हाला माहीत आहे.

दक्षिणेत इळयराजांनी २०१७ साली थेट एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना, म्हणजे आयुष्यभराच्या मित्राला, आपल्या गाण्यांच्या हक्कावरून नोटीस धाडली तेव्हा आपल्याकडे पुष्कळांनी नाके मुरडली. म्हातारा पैशासाठी मैत्री विसरला म्हणाले. आम्हाला ते बरे वाटले नव्हते, आजही वाटत नाही. मित्राला फोन करता येतो. पण तुम्ही आमचे मित्र नाही, आणि फोन करून झाले आहेत. तुमच्यापैकी एकाने आमच्यातल्या एका वारसाला उत्तर दिले होते, ‘तुमच्या वडिलांना ओळखतं कोण आता?’ त्या दिवशी त्याच्या वाहिनीवर त्याच वडिलांचे गाणे लाखांनी लोक ऐकत होते.

वैयक्तिक नोटिसा स्पीड पोस्टाने स्वतंत्र जातील, कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्यावर आणि मालकाच्या घरी, अशा दोन प्रती. कार्यालयाला कुलूप लावले, वॉचमनला ‘साहेब नाहीत’ सांगायला लावले किंवा पाकीट परत पाठवले, तरी ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून आलेले पाकीट कोर्टात पोचलेलेच धरतात. तेव्हा घ्या, फोडा, आणि आपल्या वकिलाला दाखवा. उत्तर पाडव्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आले तरी चालेल.